कार्ल्याच्या लेण्यात झालेला सराव पाठ

आमच्याकडे एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, येणारी पोरं चित्रं मस्त काढतात, निसर्गचित्र सांगा, संकल्पचित्र सांगा, अक्षरलेखन सांगा, हात सरसर चालतो. पण कलेच्या इतिहासाचा सराव पाठ म्हटलं की सगळ्यांचं टाचण एकाच साच्यातलं. काळ, राजवट, वैशिष्ट्ये, उदाहरणे, संपलं. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलेलं असतं म्हणून ती तसंच शिकवतात, आणि मग शाळेत मागच्या बाकावर बसून मी काय बघते, तर चैत्य म्हणजे काय लिहून घ्या, विहार म्हणजे काय लिहून घ्या, आणि लिहिण्याच्या नादात वर्गातलं एकही पोर समोरच्या फोटोकडे धड बघत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

म्हणून यंदा एक सराव पाठ थेट कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात ठेवला. मावळातल्याच एका शाळेची आठवीची मुलं आणि आमची बॅच. पाठ ज्या मुलीच्या वाट्याला आला ती रायगडकडची, आगरी घरातली, एकविरा आई त्यांची कुलदेवता, त्यामुळे लहानपणापासून दरवर्षी त्या पायऱ्या चढलेली. मंदिर चैत्याच्या, म्हणजे आत स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, अगदी तोंडाशी आहे, दर्शनाची रांग, नारळ, हार, ढोल सगळं तिथेच. ती मला म्हणाली, मॅडम, आम्ही दर्शन झालं की आत जाऊन फोटो काढायचो आणि खाली उतरायचो, वर मान करून कधी बघितलंच नाही. मी म्हटलं मग आज मुलांना तेच करायला लाव.

तिने टाचण पर्समध्ये ठेवलं आणि पोरांना आत नेऊन सांगितलं, पाच मिनिटं कुणी काही लिहायचं नाही, खांब मोजायचे. आता तो हॉल म्हणजे जवळजवळ 37 मीटर लांब आणि 14 मीटरच्या आसपास उंच, आपल्या देशातलं सगळ्यात मोठं चैत्यगृह, पोरं नुसती पांगली. परत आली तेव्हा आकड्यांवरून भांडण, शेवटी एकमत झालं की दोन्ही बाजूंना 15-15 आणि स्तूपाच्या मागे 7. मग तिने विचारलं, सगळे सारखे आहेत का? परत पळापळ. बाजूच्या खांबांना खाली घडा, वर उलट्या घंटेसारखा भाग, त्यावर बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर माणसं. मागचे सात मात्र साधे, नुसते अष्टकोनी. का? एक जण लगेच म्हणाला, मागे कोण बघतंय बाई! तर दुसरी त्याच्यावर उखडली, प्रदक्षिणा मारणारे तिथूनच जातात की, ते बघणारच. आमची मुलगी यात पडलीच नाही. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, डोक्यात ठेवा, एवढंच म्हणाली. मला हे फार आवडलं, कारण नवीन शिक्षकाला उत्तर देऊन मोकळं व्हायची भयंकर घाई असते.

मग म्हणाली आता वर बघा. कार्ल्याच्या छताला आतून लाकडाच्या कमानी आहेत, एकामागे एक बरगड्यांसारख्या, आणि त्या मूळच्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. तिचा प्रश्न साधा होता. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकूड कशाला?

छप्पर पडू नये म्हणून, असं तीन-चार जण ओरडले. ती म्हणाली, वर अख्खा डोंगर आहे, ही लाकडं त्याला धरतील? मग सगळे गप्प. बराच वेळ गप्प. माझ्या शेजारी आमच्या बॅचची दोन मुलं चुळबुळ करायला लागली, उत्तर त्यांना माहीत होतं ना. मी खुणेनेच थांबवलं. बाहेर ढोल चालू, आत पस्तीस-चाळीस पोरं माना वर करून उभी आणि ती मुलगीसुद्धा त्यांच्याबरोबर वरच बघतेय. मग एक बारीकसा मुलगा म्हणाला, बाई, आमचे पप्पा स्लॅबचं सेंट्रिंग करतात, तिथे पण खालून अशीच लाकडं लावतात, पण स्लॅब सुकला की काढतात, हे काढायचं राहिलं का?

इतकी वर्षं लेणी शिकवतेय, हा प्रश्न माझ्या कानावर कधी आला नव्हता. आणि तिने तो हसण्यावारी नेला नाही, चुकीचाही म्हटला नाही. तिने त्यालाच विचारलं, सेंट्रिंग कधी लागतं? ओतायचं असतं तेव्हा. इथे काय ओतलंय? तो थांबला, परत वर बघितलं आणि म्हणाला, काही नाही, इथे तर काढून टाकलंय, दगड काढून टाकलाय. म्हणजे लेणं बांधत नाहीत, कोरतात, हे जे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून खाली रेघ मारतो ते या पोराने वापरातल्या ज्ञानावरून स्वतः काढलं. मागून एक मुलगी म्हणाली, आधी लाकडाचीच देवळं असतील ना बाई, मग दगडात केलं तरी लोकांना तसंच दिसायला पाहिजे असेल. झालं, पाठ तिथेच झाला.

मग ती त्यांना दाराशी घेऊन गेली आणि तिथल्या ब्राह्मी लेखाबद्दल सांगितलं, की हे दार धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने केलंय. दगडाच्या लेण्यात सुताराचं नाव! सेंट्रिंगवाल्याचा मुलगा त्या अक्षरांच्या इतका जवळ गेला की हात लावू नकोस म्हणून सांगावं लागलं. राजवटसुद्धा तिने इथेच घेतली, शेवटच्या पाच मिनिटांत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना गाव दान दिल्याचा लेख आहे, आणि पुढे सत्ता सातवाहनांकडे गेल्यावर तेच गाव त्यांनी पुन्हा त्याच भिक्षूंना दिल्याचाही आहे. सत्ता बदलली की कागद नवीन करावा लागतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

खाली चहाला बसलो तर आमच्या बॅचमधल्या एकाने आक्षेप घेतला, मॅडम, पेपरात वैशिष्ट्ये लिहा असा प्रश्न येतो, हिने एकही वैशिष्ट्य सांगितलं नाही. मी म्हटलं मुलांच्या वह्या बघ. अष्टकोनी खांब, घडा, हत्ती, लाकडी कमानी, छत्री, सगळं चित्रासकट होतं, काहींनी तर मागचे सात खांब वेगळे काढून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तरी त्याचं पूर्ण पटलेलं नाही, त्याला वाटतं वर्गात पीपीटीवर हे जमणार नाही, आणि प्रत्येक शाळेला लेणं कुठून आणायचं हा त्याचा मुद्दा खोटा नाही. फोटोवर हे करायचं तर फोटो कसा निवडायचा, यावर आता आमचं वर्गात रोज चाललंय.

टाचणाच्या नमुन्यात मी एक रकाना वाढवलाय, ज्याचं उत्तर समोर बघूनच देता येईल असा एक प्रश्न. पुढचा पाठ भाज्याच्या लेण्यात आहे आणि तो या आक्षेपवाल्यालाच दिलाय. तिथल्या चैत्याचे खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत, आणि पुढची भिंत लाकडाची होती ती गेली, तिच्या खोबणी तेवढ्या राहिल्यात. खांब आधी दाखवायचे की खोबणी, यावर त्याने परवा माझ्याशी तासभर वाद घातला.