मार्गिकेचं चित्रीकरण: कॅमेरा चालवायचा की थांबवायचा?

एका सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीवर छोटी फिल्म करायची होती. विषय ठरला तिथली मार्गिका. खालच्या वाचन-दालनाच्या डोक्यावरून पुलासारखी जाणारी वाट, दोन्ही बाजूंना कठडा. येणारा जो तो म्हणायचा, ‘इथं आलं की शांत वाटतं.’ ते शांत वाटणं पडद्यावर दिसणार कसं?

अशा वेळी पहिल्यांदा सुचतं ते गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणारं उपकरण. तेही करून पाहिलं. कॅमेरा अलगद सरकत गेला, दृश्य देखणं आलं, पण विमानतळावरची किंवा रुग्णालयातली मार्गिकाही अगदी तशीच दिसली असती. गिंबल एका लयीत जातं, माणसं तशी जात नाहीत. दारातून आलेला माणूस भरभर चालतो, अरुंद भागात फोन पाहत पुढं सरकतो आणि जिथं भिंत संपून खालचं दालन अचानक उघडं पडतं तिथं त्याची पावलं मंदावतात. बोलत येणारे दोघं तिथं आवाज खाली आणतात. मला हेच हवं होतं, म्हणून ट्रायपॉड लावला आणि चालायचं काम माणसांवर सोपवलं.

वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएनं चालता चालता उलगडत जाणाऱ्या वास्तूची कल्पना मांडली होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या कारपेंटर सेंटर या कलाकेंद्रात (1963) त्यानं उताराची वाट थेट इमारतीच्या पोटातून नेली, म्हणजे जाणाऱ्यालाही आतलं काम दिसतं. आमच्या मार्गिकेवरून वाचकांच्या वह्या आणि लॅपटॉपचे पडदेही दिसत होते. म्हणून लांब पल्ल्याची लेन्स वापरली नाही, दारावर चित्रीकरणाची पाटी लावली आणि फ्रेममध्ये चेहऱ्यांपेक्षा पाठी आणि पावलं जास्त ठेवली.

तांत्रिक बाबी थोडक्यात. तिथं वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर. दिवे लुकलुकले नाहीत. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) दोन्ही लॉक केले. ते ऑटोवर ठेवले असते तर अंधाऱ्या भागातून उजेडात येण्याचा परिणाम कॅमेऱ्यानंच पुसून टाकला असता.

खरी डोकेदुखी कंपनांची. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि अधांतरी मार्गिका ती पावलं ट्रायपॉडपर्यंत पोचवते. लंडनचा मिलेनियम ब्रिज हा पादचारी पूल जून 2000 मध्ये उघडला आणि डुलतो म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला. लोक नकळत त्या डुलण्याशी पावलं जुळवत होते. आमची मार्गिका इतकी हलत नव्हती, तरी कॅमेरा मधोमध ठेवण्यात अर्थ नव्हता. टोकाला, भिंतीला लागून ठेवल्यावर चित्र स्थिरावलं.

आवाजानं मात्र माझा अंदाज पार बदलला. मार्गिकेची जमीन सुरुवातीला फरशीची, पुढं लाकडी. फरशीवर बूट टकटक वाजतात. लाकडावर तोच आवाज दबका आणि पोकळ होतो, आणि नेमकं तिथूनच लोक जपून चालायला लागतात. मी पावलं मंदावण्याचं श्रेय खालच्या दृश्याला देत होतो; त्यातलं बरंचसं कानांचं होतं. मग रेकॉर्डर कठड्याच्या बुडाशी कापडावर ठेवून पावलं वेगळी टिपली. माणसं नसतानाचा दालनाचा नुसता आवाजही घेतला. एडिटमध्ये जोडण्या झाकायला तो फारच उपयोगी पडला. संगीत घातलंच नाही.

एक शॉट जवळजवळ अखंड ठेवला आहे: मार्गिकेचं वळण, माणसं येतात, थबकतात, जातात. काहींना तो कंटाळवाणा वाटला आणि ते मला मान्य आहे, पण मधे कापला की कोण कुठं थबकलं हे कळेनासं होतं.

कर्मचाऱ्यांना फिल्म दाखवली तेव्हा एक बाई म्हणाल्या, ‘सगळे इथंच थांबतात तर एखादा बाक टाकू या की!’ शेजारचे गृहस्थ लगेच म्हणाले, ‘बाक टाकला की गप्पांचा अड्डा झालाच म्हणून समजा.’ बाकाचा निर्णय अजून लागलेला नाही.