एल्डन रिंगचा डीएलसी घ्यावा का?

आजची संध्याकाळ ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’मध्ये, म्हणजे एल्डन रिंग या व्हिडिओ गेमच्या डीएलसीमध्ये (वेगळा विकत मिळणारा जादा भाग) गेली आणि मत आणखी पक्कं झालं: पैसे वसूल! जून २०२४ मध्ये आला तेव्हा किंमत ४० डॉलर, म्हणजे मूळ गेमच्या दोन तृतीयांश. त्यात अख्खा नवा नकाशा आणि ८ नवे शस्त्रप्रकार.

पण विकत घेण्याआधी आपला सेव्ह (गेममधली जतन केलेली प्रगती) तपासा. मूळ गेममधले बॉस (मोठे शत्रू) रादान आणि मोग दोघांनाही हरवलेलं हवं, नाहीतर आत जाताच येत नाही. मोगकडे लवकर पोचायचं तर वारे या पात्राची क्वेस्ट (त्याने दिलेली कामगिरी) करा.

लेव्हल १५० असूनही दोन फटक्यांत मरताय? तिथे रून्स (लेव्हल वाढवायचं गेममधलं चलन) ओतून फारसा फरक पडत नाही. स्काडूट्रीचे तुकडे गोळा करा, ग्रेसपाशी (विश्रांतीची जागा) बसून त्यांनी ब्लेसिंग वाढवा. तुमच्या फटक्यांचा जोरही वाढतो, बचावही. एकूण ५० तुकडे, ब्लेसिंगची कमाल पातळी २०. मिकेलाचे क्रॉस आणि मारिकाचे पुतळे सोडू नका. डोक्यावर मडकं घेऊन फिरणाऱ्या सावल्यांकडेही तुकडे असतात, त्या हमखास नजरेतून सुटतात. बॉस अडला की आधी नकाशा पालथा घाला, मग परत भिडा.

खटकतं एवढंच, की दक्षिणेचा निळा किनारा दिसायला देखणा, पण तिथे हाती फारसं काही लागत नाही.