बाबांचा कॉम्प्युटर आणि दर तासाची जाहिरात

शुक्रवारी रात्री आईचा फोन आला. "उद्या येतेस का गं? तुझ्या बाबांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय. आठवडा झाला. त्याच्याकडे बघत नाहीत आणि धड जेवतही नाहीत."

ही गोष्ट १२ सप्टेंबर २०२५ ची. बाबा ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा २८ तारखेच्या रविवारी ठरली होती, कारण ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी, म्हणजे १३ तारीख, शनिवार हा शेवटचा दिवस. नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, थकबाकीची यादी, सगळं त्या टॉवेलखाली.

ऐरोलीहून ठाणं दोन स्टेशनांवर. माझा लॅपटॉप आणि एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन शनिवारी सकाळी पावणेनऊला घरी पोचले. बाबांनी दार उघडलं आणि पहिलंच वाक्य, "माझ्याकडून बिघडलं. फॉरमॅटला देऊन टाकू." स्टेशनजवळच्या एका दुकानात त्यांनी फोनवर विचारलं होतं. उत्तर मिळालं, आणून टाका, फॉरमॅट मारून देतो, डेटाची गॅरंटी नाही. नऊ वर्षांचा सोसायटीचा हिशेब त्यात होता, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

कॉम्प्युटर सुरू केला. मिनिटभरात उजव्या कोपऱ्यात खालून एकावर एक चौकोन सरकत वर आले. 'तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस', 'तुमचं अँटिव्हायरस आज संपतंय', एक जुगाराची जाहिरात, एक बाईचा फोटो. बाबांनी मान फिरवली. ९ वाजून १० मिनिटांनी क्रोम आपोआप उघडलं आणि पूर्ण स्क्रीनभर निळं पान पसरलं. भोंग्यासारखा आवाज, इंग्रजीत एका बाईचं बोलणं की कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, आणि मोठ्या अक्षरात एक फोन नंबर. फुली कुठेच नाही.

हे बघून माझ्याही पोटात गोळा आला, खरं सांगते. मी घरी बसून ऑफिसचे हिशेब करते, कॉम्प्युटरची भीती मला नाही. पण तो आवाज माणसाला विचार करूच देत नाही. एस्केपचं बटण दाबून धरलं तेव्हा फुलस्क्रीन गेली आणि लक्षात आलं, हे ब्राउझरमधलं एक साधं पान आहे. कॉम्प्युटर लॉक वगैरे काही झालेला नव्हता. एस्केपने नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करायचं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की आमच्या कुठल्याही खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. नंबर दिसला की ते पान खोटं.

"फोन केलात का या नंबरवर?" मी विचारलं.

"वहीत लिहून घेतला. रविवार होता, ऑफिस बंद असेल म्हणून केला नाही. सोमवारी तुझ्या आईने करू दिला नाही."

मी आईकडे बघितलं. त्या फोनवरचा माणूस आधी एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो, मग कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात, मग बँक. सोसायटीच्या खात्याचं स्टेटमेंट बाबा याच मशीनवर बघतात. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते ते आठवत असेल. तिथून अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या आयकर खात्याच्या नावाने धमकावलं जात होतं. ते नाटक फोनवरून सुरू व्हायचं, हे स्क्रीनवरून सुरू होतं. माणसाला घाबरवून घाईघाईत पैसे काढून घ्यायची रीत तीच.

बाबांची ती वही मी मागून घेतली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, त्यामुळे आलेली-गेलेली प्रत्येक वस्तू लिहायची सवय. पहिली नोंद होती, '५/९, सायं. ६.२०. जुना फाँट युनिकोड करण्याचा प्रोग्रॅम घेतला. ६.२५. मी रोबोट नाही यासाठी अलाउ केले.' पुढे दोन पानं तारीख, वेळ आणि काय आलं ते. जुनी नोटीस जुन्या फाँटमध्ये होती, ती व्हॉट्सॲपवर टाकली की अगम्य अक्षरं दिसायची. म्हणून ती युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवरही नीट दिसणाऱ्या अक्षरांत बदलायला त्यांनी शोध घेतला, सगळ्यात वर जो दुवा आला तो जाहिरातीचा होता, आणि त्या पानावर तीन हिरवी डाउनलोड बटणं होती. यात त्यांनी चुकीचं काय केलं? काम करायला गेले होते. आठ दिवस त्यांनी हे मला सांगितलं नाही, कारण आपण काहीतरी भलतंच बघितलं असं मुलांना वाटेल ही लाज. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. ज्यांनी ते फोटो त्यांच्यासमोर नाचवले, त्यांना ही लाज पक्की ठाऊक असते. गप्प बसलेला माणूस मदत मागत नाही, त्यावरच हा धंदा चालतो.

कामाला लागले. आधी राउटरची वायर काढली. एक्सेल आणि वर्डच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, कुठलाही प्रोग्रॅम किंवा सेटअप फाइल घेतली नाही, आणि तो पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर आधी स्कॅन करून मग उघडला. नऊ वर्षांचा हिशेब सुखरूप आहे हे बघून बाबा पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले. बाबांच्या ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलला. ज्या मशीनवर शंका आहे त्याच मशीनवर नवा पासवर्ड टाईप करण्यात अर्थ नाही.

मग कोपऱ्यातले चौकोन. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी उघडली तर १७ नावं, बहुतेक अर्थ नसलेली अक्षरं. 'मी रोबोट नाही' म्हणून जे अलाउ दाबलं होतं, त्याचा खरा अर्थ 'मला नोटिफिकेशन पाठवा' असा होता. रोबोट नसल्याची खरी तपासणी कधीच अलाउ दाबायला सांगत नाही. एकेक काढून टाकलं आणि खालचा पर्याय असा करून ठेवला की यापुढे कुठल्याच साइटने विचारायचंही नाही. यात व्हायरस असा काही नव्हताच. घरात घेतलेल्या माणसाला बाहेर जा म्हणायचं होतं, एवढंच.

पण सगळं एवढ्यावर नव्हतं. शोधाचं पान बदललेलं होतं, आणि एक अनोळखी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, असं की त्याला काढायचं बटणच नाही. क्रोमच्या मेनूत तळाशी ओळ, 'तुमच्या संस्थेकडून नियंत्रित'. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी ओळ असणं रास्त, घरच्या मशीनला कुठली संस्था? कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्सची यादी तारखेप्रमाणे लावली. ५ सप्टेंबरला बसलेले तीन प्रोग्रॅम वर आले, फाँटवाल्याबरोबर आणखी दोन पाहुणे. वही आणि यादी एकमेकींना तंतोतंत जुळल्या. तिघांना काढलं. एकाने काढताना मोठं हिरवं बटण दाखवलं, 'ठेवा आणि दुरुस्त करा'. 'काढा' हे फिक्या करड्या अक्षरांत खाली होतं. इथे घाई केली की माणूस फसतो.

१० वाजून १० मिनिटांनी क्रोम पुन्हा आपोआप उघडलं. नेट बंद, त्यामुळे पान आलं नाही, नुसतं 'इंटरनेट नाही' असं दिसलं आणि वर ॲड्रेस बारमध्ये तो पत्ता. म्हणजे बाहेरून कुणी पाठवत नव्हतं. मशीनच्या आतच कुणीतरी बसून दार उघडत होतं.

मी विंडोज सिक्युरिटी उघडली. विंडोज १० असो की ११, डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस त्यात असतोच, वेगळे पैसे लागत नाहीत. मग त्याला हे दिसलं कसं नाही? एक्स्क्लूजन्समध्ये जाऊन पाहिलं. तिथे अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला. पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, या घराकडे बघायचंच नाही. ती नोंद बाबांनी केलेली नव्हती, त्यांना ती जागाच माहीत नाही. फाँटचा प्रोग्रॅम बसवताना विंडोजने विचारलेल्या प्रश्नाला 'यस' म्हटलं होतं, तेव्हाच मालकाचे अधिकार त्याच्या हाती गेले. नोंद काढली, नेट तेवढ्यापुरतं जोडून डिफेंडर अपडेट केला आणि फुल स्कॅन लावला.

स्कॅन रेंगाळत होता तेवढ्यात नोटीस उरकली. मोबाईलवर मराठी बोलून टाईप होतं हे बाबांना दाखवलं. ते उभे राहून खणखणीत आवाजात सांगत होते, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," आणि अक्षरं उमटत होती, युनिकोडमध्येच. ज्या प्रोग्रॅमपायी हे सगळं झालं त्याची गरजच उरली नाही.

११.१० ला परत क्रोम उघडलं. स्कॅनमध्ये चार गोष्टी सापडल्या, काढल्या. मग मालवेअरबाइट्स कंपनीचं मोफत मिळणारं, असले जाहिरातवाले प्रोग्रॅम काढणारं ॲडवक्लीनर माझ्या लॅपटॉपवर, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेऊन पेनड्राइव्हने इकडे आणलं. त्याने क्रोमवरची ती 'संस्थे'ची पॉलिसी आणि न निघणारं एक्स्टेंशन उचललं. मशीन पुन्हा सुरू केलं. १२.१० ला पुन्हा तेच.

बाबा शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटांवर येणारच ते. वहीत बघ."

खरंच, दोन्ही पानांवर ७.१०, ८.१०, ९.१०. बाकीच्या जाहिराती कधीही आलेल्या, पण हे भोंगेवालं पान नेहमी तासाला दहा मिनिटांवर. घड्याळ लावल्यासारखं येत असेल, तर ते घड्याळ मशीनमध्ये कुठेतरी असणार. ऑफिसमधल्या सिस्टीम बघणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, टास्क शेड्युलर बघितलात का?"

टास्क शेड्युलर म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम आपोआप करणारी विंडोजची सोय. स्टार्ट मेनूत ते शोधून उघडलं. डावीकडे लायब्ररी, मधे पन्नासेक ओळी. प्रत्येक ओळीला खाली ट्रिगर्स आणि ॲक्शन्स असे दोन कप्पे दिसतात. ट्रिगर म्हणजे कधी, ॲक्शन म्हणजे काय. एका ओळीचं नाव अगदी साळसूद, कुठल्यातरी अपडेटचं. ट्रिगर, दर एक तासाने, ५ सप्टेंबर सायंकाळी ७.१० पासून. ॲक्शन, क्रोम उघड, आणि त्यापुढे तोच पत्ता जो मी ॲड्रेस बारमध्ये वाचला होता. बाबांना चष्मा लावून ती ओळ वाचायला लावली. त्यांनी वहीतला ७.१० बोटाने दाखवला. मग त्यांनाच म्हटलं, तुम्ही डिलीट करा. त्यांनी केलं.

शेवटची एक जागा राहिली होती. टास्कबारवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडून टार्गेट बघितलं. ती ओळ 'क्रोम डॉट ईएक्सई' आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. इथे त्यापुढे एक जागा सोडून तोच पत्ता चिकटवलेला होता. तेवढा भाग पुसला. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवला, ज्यात विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. पंधराएक मिनिटं लागली, काही सापडलं नाही. बाबांच्या समाधानासाठी सायबर स्वच्छता केंद्राचं मोफत टूलही चालवलं. केंद्र सरकारने ते २०१७ मध्ये सुरू केलंय, सर्ट-इन ही सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था ते चालवते, आणि सरकारी आहे म्हटल्यावर बाबांचा त्यावर जास्त भरवसा बसला.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. फाइली उघडेनाशा झाल्या असत्या, किंवा त्या नंबरवाल्याच्या हातात मशीन गेलं असतं, तर मी फॉरमॅटच केला असता, आणि पैसे गेले असते तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पण काय झालंय ते न बघता पहिलाच उपाय म्हणून फॉरमॅट सांगणं मला पटत नाही. लोकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं त्यात जातात.

आता बाबा रोज वापरतात ते विंडोजचं खातं साधं आहे, अधिकार नसलेलं. काही बसवायचं तर पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे आहे, हे त्यांनीच सुचवलं. क्रोममध्ये युब्लॉक ओरिजिन लाइट टाकलंय, शोधात वर येणारे जाहिरातीचे दुवे त्यामुळे दिसत नाहीत. दर रविवारी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर जाते आणि पेनड्राइव्ह आईच्या कपाटात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. या मशीनचा प्रोसेसर जुना, विंडोज ११ त्यावर बसत नाही, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरेल, पुढे नवं मशीन घ्यावं लागेल.

त्या शनिवारी साडेतीनला नोटिशीच्या झेरॉक्स काढून बाबा सह्या घ्यायला निघाले. चोवीस घरं, लिफ्ट बंद. रात्री आठला शेवटची सही घेऊन आले, हातपाय धुतले आणि वही उघडली. त्यात दुपारपासूनच्या नोंदी होत्या, मधल्या वेळच्या आईच्या अक्षरात.

'१३/९. १.१०, आले नाही. २.१०, आले नाही. ३.१०, नाही. ४.१०, नाही.'