क्रोशाची पिशवी

तीन आठवडे दुपारी विणत असलेली सुती दोऱ्याची पिशवी आज पूर्ण झाली आणि संध्याकाळी तीच खांद्याला लावून मी ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी आणायला गेले. गोल तळ सपाट बसावा म्हणून सहा मुक्या खांबांनी (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाके) सुरुवात करून प्रत्येक फेरीत सहा खांब वाढवायचे असतात. मी दोन फेऱ्या खांब न वाढवताच विणल्या, कडा वाटीसारखी वर आली आणि बरेच उसवावे लागले. (उसवताना जीव तुटतो, पण ती खोट रोज डोळ्यांत खुपली असती.) पट्टा मात्र मुक्या खांबांचाच घट्ट विणला, कारण उंच खांबांची वीण वजनाने लोंबते. दोन किलो बटाटे आणि मेथीची जुडी घेऊन तलावपाळीवरून घरी पोहोचेपर्यंत तो जेमतेम बोटभर ताणला.