वाचनालयाची स्मरणपत्रे आणि डेटाबेसमधली जावक नोंदवही

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागाची नोंद आता सुपाबेस या क्लाउड सेवेवरील पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवली जाते. सभासद, पुस्तकांचे दाखल क्रमांक आणि कोणते पुस्तक कोणाकडे कोणत्या तारखेपर्यंत आहे, असे तीन मुख्य तक्ते त्यात आहेत. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी सभासदाला मराठीतून ईमेल जावा आणि त्यासाठी ग्रंथपालांना रोज यादी काढत बसावे लागू नये, एवढीच कार्यकारिणीची अपेक्षा होती. हे काम मी एन-एट-एन (n8n) या कामे आपोआप करवून घेणाऱ्या साधनात, प्रोग्राम न लिहिता, तयार नोड, म्हणजे एकेक काम करणारे ठोकळे, एकमेकांना जोडून पूर्ण केले. डेटाबेसशी बोलण्याची भाषा, म्हणजे एसक्यूएल, थोडी मात्र लागते, आणि ती शिकून घेणे हिताचेच आहे. मानद कार्यकर्त्यांच्या बळावर चालणाऱ्या अनेक संस्थांना हेच काम करायचे असते, म्हणून त्यातला कोणता भाग सोपा आणि कोणता विचार मागणारा आहे ते सविस्तर लिहीत आहे.

झॅपियर किंवा मेक या तशाच सेवांवरही हे होऊ शकते. एन-एट-एन निवडण्याचे कारण असे, की ते आपण भाड्याने घेतलेल्या लहानशा सर्व्हरवर बसवता येते आणि सभासदांची माहिती आणखी एका कंपनीच्या हाती द्यावी लागत नाही. सर्व्हरवर बसवताना त्याची कूटबद्धतेची किल्ली वेगळी जपून ठेवावी. ती हरवली तर साठवलेले सगळे पासवर्ड निरुपयोगी होतात.

डेटाबेसची जोडणी पाहताना सुपाबेस एकापेक्षा अधिक पत्ते दाखवते. थेट जोडणीचा पत्ता मुळात आयपीव्ही ६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा असतो आणि आमच्या सर्व्हरला केवळ जुनी आयपीव्ही ४ पद्धत होती, त्यामुळे सेशन पूलर या मध्यस्थाचा, ५४३२ पोर्टवरचा पत्ता वापरला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड मी एन-एट-एनला दिलाच नाही. त्यासाठी डेटाबेसमध्ये मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता केला आणि एक व्ह्यू, म्हणजे निवडक माहितीच दाखवणारा तक्ता, तयार केला, ज्यात देवघेव क्रमांक, सभासदाचे नाव, ईमेल, पुस्तकाचे नाव आणि मुदतीची तारीख एवढेच रकाने आहेत. घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि अनामत रक्कम या गोष्टी स्मरणपत्राला लागत नाहीत, तेव्हा त्या दिसण्याचेही कारण नाही.

जीमेलच्या बाजूचे काम थोडे कंटाळवाणे आहे. स्वतःच्या सर्व्हरवरून जोडायचे असल्यास गूगल क्लाउडमध्ये आपला प्रकल्प उघडून, जीमेल एपीआय (इतर प्रोग्रामना जीमेल वापरू देणारी सोय) सुरू करून, ओऑथची, म्हणजे पासवर्ड न सांगता परवानगी देण्याच्या पद्धतीची, ओळख आणि गुप्त किल्ली मिळवावी लागते. परवानगी दिल्यावर ब्राउझर जेथे परततो तो पत्ता म्हणून नुसता आयपी क्रमांक चालत नाही, एचटीटीपीएस असलेले डोमेन लागते. येथे एका बाबीकडे आवर्जून लक्ष द्यावे. गूगलच्या लेखी आपला प्रकल्प म्हणजे एक ॲप असते; ते ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवले तर मिळालेली परवानगी सात दिवसांनी संपते, आणि पहिला आठवडा सुरळीत चाललेली पत्रे कोणताही बदल न करता अचानक थांबतात. संस्थेचे गूगल वर्कस्पेस असेल तर ‘इंटर्नल’ हा पर्याय घ्यावा. आमचे खाते साधे जीमेलचे असल्याने ॲप ‘प्रॉडक्शन’मध्ये नेले, पडताळणी न झालेल्या ॲपची सूचना एकदा समोर येते, परंतु ॲपही आपलेच आणि खातेही आपलेच असल्याने तेथून पुढे जाण्यास हरकत नाही. साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंत पत्रे पाठवता येतात, आणि आमची गरज त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

वेळेचा विचार दोन ठिकाणी करावा लागतो. आपण बसवलेल्या एन-एट-एनचा कालविभाग वेगळा सांगितला नाही तर तो न्यूयॉर्कचा धरला जातो, म्हणजे सकाळी आठला ठरवलेले काम आपल्याकडे ऋतूप्रमाणे संध्याकाळी साडेपाचला किंवा साडेसहाला होते. डेटाबेस मात्र जागतिक प्रमाणवेळ पाळतो, आणि त्याच्या दृष्टीने आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख चालू असते. वर्कफ्लोला, म्हणजे नोड जोडून केलेल्या या मालिकेला, आशिया/कोलकाता हा कालविभाग दिला आणि व्ह्यूमध्येही ‘आज’ची तारीख याच कालविभागात मोजली, म्हणजे उद्या कोणी कामाची वेळ मध्यरात्रीची केली तरी दिवस चुकणार नाही.

आता ज्या भागावर सर्वांत जास्त विचार केला त्याविषयी. डेटाबेसमधली नोंद चुकली तर ती दुरुस्त करता येते, परंतु गेलेले पत्र परत घेता येत नाही. वर्कफ्लो मध्येच थांबला आणि पुन्हा चालवला, तर काही सभासदांना तेच पत्र दुसऱ्यांदा जाईल. सहज सुचणारा उपाय असा, की पत्र गेल्यावर त्या ओळीत ‘गेले’ अशी खूण करावी. परंतु जीमेलने पत्र स्वीकारले आणि खूण करण्यापूर्वीच संपर्क तुटला, तर काय झाले हे यंत्राला कळण्याचा मार्ग नसतो. उलट, आधी खूण करून मग पत्र पाठवले तर न गेलेले पत्रही गेले म्हणून नोंदले जाते. कोणताही क्रम घेतला तरी एक फट उरतेच.

या प्रश्नाचे उत्तर मला संस्थांच्या जुन्या दप्तरी शिस्तीत मिळाले. कोणत्याही कचेरीतून पत्र बाहेर पडण्याआधी त्याला जावक क्रमांक पडतो, आणि ते प्रत्यक्ष टपालात पडल्याची नोंद नंतर होते. तसाच ‘जावक’ नावाचा तक्ता मी डेटाबेसमध्ये केला. रोज सकाळी वर्कफ्लो प्रथम व्ह्यूमधील ओळींसाठी जावकमध्ये ‘तयार’ अशा नोंदी करतो. देवघेव क्रमांक आणि मुदतीची तारीख ही जोडी तेथे एकदाच येऊ शकते असे बंधन घातलेले आहे. जोडी आधीच असेल तर नवी नोंद गुपचूप टाळली जाते, आणि ज्या नोंदी नव्याने झाल्या तेवढ्याच पुढे जीमेलकडे जातात. पत्र गेल्यावर नोंद ‘गेले’ होते आणि जीमेलने दिलेला संदेश क्रमांक तिच्यात लिहिला जातो. पुस्तकाचे नूतनीकरण झाले तर मुदतीची तारीख बदलते, जोडी नवी ठरते, आणि नव्या मुदतीचे स्मरणपत्र आपोआप जाते. ‘तयार’ अवस्थेतच राहून गेलेली पत्रे मात्र वर्कफ्लो स्वतः पुन्हा पाठवत नाही. त्यांची यादी ग्रंथपालांकडे जाते आणि ग्रंथपाल जीमेलमधला पाठवलेल्या पत्रांचा कप्पा पाहून निर्णय घेतात. जेथे यंत्राला खात्री नाही तेथे माणसानेच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोड जोडताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. जीमेल नोडमधून पुढे जाते ती केवळ जीमेलची पोच. सभासदाची मूळ ओळ त्यात नसते. त्यामुळे खूण करणाऱ्या नोडमध्ये जावक क्रमांक आधीच्या पोस्टग्रेस नोडचा स्पष्ट उल्लेख करून मागवावा लागतो. शिवाय नाव, क्रमांक यांसारखी मूल्ये एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवू नयेत, वेगळे पॅरामीटर म्हणून द्यावीत. आमच्याकडे डि’सोझा आडनावाची कुटुंबे आहेत. रोमन लिपीत नोंदवलेल्या या नावातल्या अवतरणचिन्हामुळे असे चिकटवून केलेले वाक्य तिथल्या तिथे मोडते, आणि वाईट हेतूने भरलेला मजकूर तर त्याहून मोठे नुकसान करू शकतो. पत्राचा प्रकार साधा मजकूर असा निवडावा, अन्यथा तो एचटीएमएल धरला जातो आणि ओळी एकमेकांत मिसळतात. पत्राखाली एन-एट-एनचे नाव आपोआप येते, तेही पर्यायांतून बंद करता येते.

पत्राच्या विषयातच सभासदाचे पूर्ण नाव आणि पुस्तकाचे नाव घातले आहे. आमच्या बऱ्याच ज्येष्ठ सभासदांनी मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा ईमेल दिलेला आहे, आणि गावातल्या वडिलांना फोन करायचा तो नेमका कोणत्या पुस्तकाबद्दल हे त्यांना पत्र न उघडताही समजले पाहिजे.

एखादा पत्ता सदोष असल्यास सगळी मालिका थांबू नये म्हणून जीमेल नोडला चुकीसाठी वेगळी वाट दिली आहे; तेथून जावकमध्ये ‘अडले’ अशी नोंद होते. तथापि ‘गेले’ याचा अर्थ जीमेलने पत्र स्वीकारले एवढाच. बंद पडलेल्या पत्त्यावरचे पत्र थोड्या वेळाने मेलर-डीमन या टपालयंत्रणेच्या नावाने वाचनालयाच्या इनबॉक्समध्ये परत येते. अशा परतीच्या पत्रांवर लक्ष ठेवणारा दुसरा छोटा वर्कफ्लो केला आहे. तो जावकमधल्या संबंधित नोंदीवर ‘परत आले’ असे लिहितो, आणि तो सभासद पुढच्या वेळी पुस्तक बदलायला आला की देवघेवीच्या पडद्यावर नवा ईमेल विचारण्याची सूचना दिसते.