'हार्डली'चं कार्ड अखेर सुटलं

मंडळी, 'हार्डली' सुटलं! अंकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपने पुन्हा पुन्हा 'लीच', म्हणजे सारखं चुकणारं, ठरवून बाजूला टाकलेलं तेच कार्ड. 'लेट-लेटली', 'निअर-निअरली' केव्हाच पक्के झालेत. 'हाय' म्हणजे खरोखरची उंची नि 'हायली' म्हणजे 'अतिशय', हेही बसलंय. घोडं अडलं होतं ते इथे: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो, आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामाला जवळजवळ हातच लावत नाही. एकाच मुळातून उलटा अर्थ निघतो कसा, हे कळल्याशिवाय नुसतं पाठांतर टिकेना.

फोनवरचे मी पाहिलेले फुकट शब्दकोश इथे कुचकामी. 'क्वचितच' एवढंच देतात. तो शब्द 'आय कॅन हार्डली हिअर यू'मध्ये घालून बघा. मग शब्दाचा इतिहास काढला. जुन्या इंग्रजीत अशा क्रियाविशेषणांच्या शेवटी 'ई' असायचा. तो झिजला आणि क्रियाविशेषण 'हार्ड' विशेषणासारखंच दिसू लागलं. शेजारी 'हार्डली' होतंच. त्याचा अर्थ आधी 'जोराने, कठोरपणे', मग 'कष्टाने', आणि सोळाव्या शतकात 'जेमतेम'. हे वाचताना एकदम लक्षात आलं, आपलं 'मुश्किलीने' याच वाटेने गेलंय! 'आजी मुश्किलीने जिना चढल्या' यात त्रास आहे. 'सभेला मुश्किलीने दहा माणसं होती' यात त्रास कुणालाच नाही, फक्त आकडा तोकडा. कार्डाच्या पुढच्या बाजूला आता हीच दोन वाक्यं आहेत, आणि उत्तर पटकन येतं. फार बरं वाटतंय.

त्याबरोबर 'ही हार्डली ईट्स, डझ ही?' हेही जुळलं. 'हार्डली'त नकार आधीच आहे, म्हणून शेवटचा क्वेश्चन टॅग होकारार्थी. 'हार्डली हॅड... व्हेन'ला मात्र वेगळं क्लोझ (गाळलेली जागा भरायचं कार्ड) ठेवलंय; 'दॅन' हा 'नो सूनर'चा जोडीदार, बोर्डाच्या ट्रान्सफॉर्मेशनमुळे तो इथेही घुसतो.

पुढचा नंबर 'मोमेंटरिली'चा होता: ब्रिटिशांचं 'क्षणभर', अमेरिकनांचं 'क्षणभरात'सुद्धा. पण लिहितालिहिता 'सून' आठवलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'ताबडतोब' होता. नंतरच्या काळात आलेल्या 'प्रेझेंटली'चाही आधी तसाच, मग तो 'थोड्या वेळाने'वर सरकला, 'अनॉन'चंही तेच. आपलं 'आलोच' ऐकून किती वेळ वाट पाहावी लागते, आठवा! तेव्हा 'मोमेंटरिली' थांबेल, आधी हा संच. 'प्रेझेंटली'चा 'सध्या' हा अर्थ अमेरिका-स्कॉटलंड टॅगखाली जाईल. जुन्या कादंबऱ्यांतली 'प्रेझेंटली'ची वाक्यं कुणी जमवली असतील तर जरूर पाठवा.