आप्पा म्हणाले, ही केळी आपली नाही

पहिलं चित्र दाखवलं तेव्हा आप्पांनी चष्मा पुसला, टॅबलेट लांब धरला आणि म्हणाले, "एवढी हिरवी केयी कुठी पाह्यली पोरी तू?"

राग आला. सावद्यात जन्म गेला आणि मला केळीचा रंग कळत नाही? पण चित्र खरंच निर्जीव होतं. मागे निळा सातपुडा, मध्ये हिरवी बाग, खाली काळी माती. झेंड्यासारखे तीन पट्टे. रंग कमी पडतोय असं वाटून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवत गेले, तर लग्नाचा मांडव झाला.

मग क्रितामध्ये, म्हणजे मी ज्यात रंगवते त्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर (थर) टाकला आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळायची रीत, 'कलर' केला. रंग गेले, फक्त उजेड-अंधार उरला. चित्र करडं झालं आणि बाग सातपुड्यात विरघळून गेली. झाड कुठे संपतं, डोंगर कुठे सुरू होतो, पत्ताच नाही. एक हिरवा, एक निळा, म्हणजे वेगळे दिसणारच असं मी धरून चालले होते. उजेडाच्या मापात दोघे सख्खे भाऊ निघाले. आकड्यांनीही फसवलंच होतं. रंग निवडायच्या एचएसव्हीच्या पट्टीवर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचीही व्हॅल्यू, म्हणजे उजळपणाचा आकडा, 100 दिसते. डोळ्याला मात्र पिवळा लख्ख आणि निळा गडद. तो काळा लेयर आता प्रत्येक फाइलमध्ये असतो, अधूनमधून चालू करून बघते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बांधावर जाऊन बसले. मे महिना, पाचलाही दगड तापलेला. ऊन आणि मी यांच्यामध्ये आलेलं पान पोपटी, जवळजवळ पिवळं. त्याच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. शेजारचंच पान आभाळाकडे तोंड करून पसरलेलं, तर त्यावर निळसर करडी चकाकी. वाऱ्याने चिरफाळलेल्या पट्ट्यांतली अर्धी उजेडात, अर्धी सावलीत. खोडाला लोंबणारी वाळकी पानं बिडीच्या रंगाची. मी ओतला होता तो हिरवा अख्ख्या बागेत फार तर मूठभर.

आणि सातपुडा निळा नव्हताच. राखेसारखा होता. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून लांबचे डोंगर निळे दिसतात, हे मला पाठ होतं. पण उन्हाळ्यात मध्ये धूळ असते. धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून डोंगर पांढुरका पडतो. निळा हवा तर पावसाने हवा धुऊन निघायची वाट पाहायची.

मांडणीला खरा घाम फुटला. वहीत अंगठ्याएवढ्या बारा चौकटी आखल्या आणि फक्त तीन छटांत भरल्या: काळी, करडी, कोरी. निम्म्यांत क्षितिज पुन्हा बरोब्बर मधोमध! हात वळणावरच जातो. नवव्या चौकटीत मी बांध सोडून बागेत शिरले. दोन ओळींमधली वाट, वर पानांचं गडद छत आणि टोकाला उजेडाचं भगदाड, त्यात सातपुड्याचा फिकट तुकडा. ओळीच नजरेला हाताला धरून आत नेत होत्या.

तरी रंगवल्यावर डोळा सारखा डाव्या कडेला पळायचा. तिथे पाण्याच्या मोटारीची पांढरी खोली होती, गडद खोडांना अगदी खेटून. सगळ्यात मोठी तफावत तिथेच, मग नजर तिथेच जाणार. खोली पुसायचा जीव होईना, लहानपणी तिच्या सावलीत जेवलेय. शेवटी तिच्यावर खालचे रंग गडद करणारा मल्टिप्लायचा लेयर टाकून तिला सावलीत लोटली, आणि सगळ्यात उजळ छटा भगदाडासाठी राखून ठेवली.

तिसऱ्यांदा टॅबलेट आप्पांपुढे ठेवला. या वेळी चष्मा पुसला नाही. बोटाने चित्र मोठं करून खोडांच्या बुडाशी बराच वेळ बघत राहिले.

"बाग आपलीच आहे," म्हणाले. "ठिबकची नयी कुठी गेली?"